चौथी कुंडी

आमच्या ह्यांना सरळ एक उत्तर देता यायचं नाही. "किती वाजता याल?" म्हणून विचारलं, की "सहा ते सव्वासात." "भात किती वाढू?" तर "दोन ते तीन चमचे." लेक झाली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी आपल्या बहिणीला पत्र लिहिलं. त्यात बाळाचं वजन काय, तर तीन किलो, काट्याची चूक धरून थोडं मागेपुढे. कचेरीत त्यांचं नावच पडलं होतं किती-ते-किती. एकदा कुणीतरी फोनवर मला विचारलं, "किती-ते-किती आहेत का घरी?" हे समोरच बसले होते, कागदात नाक खुपसून. मी म्हटलं, "आहेत, पाच ते दहा टक्के."

मी तापट. मला हो कळतं आणि नाही कळतं, मधलं काही कळत नाही. अशा बाईने अशा माणसाबरोबर अडतीस वर्षं कशी काढली असतील ते माझं मला माहीत. आता ते नाहीत. आता कुणी दारात "पाच मिनिटांत येतो" म्हणालं ना, तर मला ते खोटंच वाटतं.

त्यांचं काम होतं पुराचा अंदाज काढायचं. आमच्या नदीवर पाण्याची पातळी मोजायला आधी कुणीच नव्हतं. पाऊस मात्र जागोजागी मोजलेला होता, वर्षानुवर्षं. त्या पावसाच्या वह्या समोर घेऊन, मोठ्यात मोठा पाऊस पडला तर नदीला किती पाणी येईल, हे काढायचं. पूल किती उंच ठेवायचा, भिंत किती वर न्यायची, सगळं त्यावर. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. एक लांबलचक टेबल, भिंतीला लागून पावसाच्या वह्यांनी भरलेले लाकडी घोडे, आणि हाताने फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र, त्याची खडखड जिन्यापर्यंत ऐकू यायची. मी डबा घेऊन जायचे तेव्हा त्या आवाजावरून कळायचं, स्वारी जागेवर आहे.

बाकीचे लोक एक आकडा काढायचे आणि त्याखाली दोन रेघा मारून मोकळे व्हायचे. हे तीन काढायचे. खालचा, मधला, वरचा. मग आलेखावर तीन रेषा ओढून मधली जागा निळ्या पेन्सिलीने हलकी भरायचे. मी एकदा विचारलं, हे रंगकाम कशासाठी? तर म्हणाले, "अगं, पावसाचं एक भांडं अख्ख्या डोंगराचा पाऊस सांगतं असं आपण धरतो. जमीन आधीच भिजलेली होती की कोरडी, ते ठाऊक नसतं. पाऊस दोन तासांत पडला की दिवसभर, तेही नाही. इतकं सगळं माहीत नसताना एकच आकडा लिहायचा म्हणजे लबाडी झाली." मी म्हटलं, "मग काहीच लिहू नका." ते हसले. त्यांना माझा राग यायचा नाही, हीच तर पंचाईत होती.

आता माझं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

माझे बाबा पाण्याच्या पंपावर कामाला होते. पंपाच्या अंगणात पावसाचं भांडं होतं आणि त्याचं रोजचं माप घ्यायचं काम बाबांकडे होतं. जमिनीत रोवलेला एक डबा, त्याच्या आत बाटली, वर नरसाळं. सकाळी साडेआठला बाबा बाटली बाहेर काढायचे, काचेच्या मोजपात्राने पाणी मोजायचे आणि वहीत लिहून खाली सही करायचे. ऊन असो, वादळ असो, शून्य तर शून्य, पण लिहायचं. लोक त्यांना घड्याळ म्हणायचे. एकही सकाळ चुकली नाही, हा त्यांचा अभिमान. माणूस गरीब, पण त्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

एक सकाळ चुकली होती. ती माझ्याकडे होती.

मी अकरा वर्षांची होते. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. आदल्या दिवसापासून असा पाऊस कोसळत होता की समोरची पंपाची खोली दिसत नव्हती. बाबा तापाने फणफणले होते. साडेआठ वाजता त्यांनी अंथरुणातूनच सांगितलं, "जा, बाटली काढ, नीट मोज आणि आकडा सांग." मी गेले. बाटली काठोकाठ भरलेली. मी ओसरीत आणून मोजली, दहा वेळा वीस-वीस मिलिमीटरचं मोजपात्र भरलं आणि वर थोडं. दोनशेचार. मग बाटली परत ठेवायला गेले, तर बाहेरच्या डब्याच्या बुडाशीही पाणी साचलेलं. मला वाटलं, हे सांडलेलं, हे काही पावसाचं नाही. आणि आईची शिस्त अशी, की स्वच्छ पाणी फेकायचं नाही, गुलाबांना घालायचं. गुलाबाच्या कुंड्या तिच्याच होत्या, वाऱ्याला भिऊन आम्ही त्या ओसरीत आणून ठेवलेल्या. मी पत्र्याच्या मगाने ते पाणी उपसलं आणि कुंड्यांना घातलं. मग आत जाऊन म्हटलं, "दोनशेचार." बाबांनी पडल्यापडल्याच लिहिलं, सही केली.

दोन वर्षांनी बाबा शेजाऱ्यांना ते भांडं दाखवत होते. म्हणाले, "बाटली भरून वाहिली तरी काही जात नाही, जास्तीचं पाणी या डब्यात उतरतं, तेही मोजायचं." म्हणजे मी कुंड्यांना घातला तो पाऊसच होता. तोवर तो दोनशेचारचा आकडा त्या ठिकाणचा सगळ्यांत मोठा पाऊस म्हणून प्रसिद्ध झाला होता. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ते पान उघडून दाखवायचे. मी काय सांगणार?

मी तेवीस वर्षांची असताना हे आले. लग्नाचं स्थळ म्हणून नाही हो, तपासणीला. भांड्यावर झाडाची फांदी आलीय का, नरसाळं सरळ आहे का, ते बघायला. किडकिडीत, चष्मा, शर्टाच्या खिशाला निळ्या पेन्सिलीचा डाग. वही चाळता चाळता त्या पानाशी थांबले. मग उठून त्यांनी बाटली नळाखाली काठोकाठ भरली आणि मोजली. मी दाराआड चहा घेऊन उभी. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, "दोनशेचार." माझ्या हातातली बशी वाजली.

बाबांना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी माप कुणी घेतलं होतं?"

"मी. दुसरं कोण घेणार?" बाबा म्हणाले. आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. तापातलं त्यांना काही आठवत नव्हतं.

ह्यांनी पुढे काही विचारलं नाही. चहा प्यायले, गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, म्हणे फांदी बघायला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी बाबाच म्हणाले, "फांदी तर मी कधीच तोडलीय, तुमचं खरं काम काय ते बोला." अशी सोयरीक जुळली. पुढे मी चिडवायचे, "माझ्यासाठी आलात की त्या आकड्यासाठी?" तर म्हणायचे, "दोन्हींसाठी. किती किती ते नाही सांगता येणार."

लग्नाला अकरा वर्षं झाली आणि भिंतीचं काम निघालं. मी लहान असताना नदीच्या कडेला खाली नुसती शेतं होती, पूर आला तरी बघायला कुणी नव्हतं. आता तिथे वस्ती झाली होती, मुलांची शाळा, बाळंतिणींचा दवाखाना. त्यांच्यासाठी नदीकाठी भिंत बांधायची होती आणि तिची उंची ह्यांच्या खोलीतून ठरून जायची होती. अख्ख्या हिशोबात सगळ्यांत मोठा पाऊस कुठला, तर माझा दोनशेचार.

ह्यांनी साहेबांना सांगितलं, हा आकडा पावसाचा नाही, बाटलीचा आहे. बाटलीत जेवढं मावतं तेवढं लिहिलंय, खरा पाऊस त्याहून जास्त असणार. साहेब माणूस वाईट नव्हते, पण वैतागले. "वहीत दोनशेचार आहे, खाली सही आहे. तुमच्या संशयावर भिंत उंच करू? आणि किती उंच? तुम्ही तीन-तीन रेषा आणून देता. अहो, भिंतीला एकच उंची असते." ह्यांचं म्हणणं, ती एक उंची या तीन रेषा बघूनच ठरवा. साहेब म्हणाले, "कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर आणा. सोमवारी नकाशावर सह्या आहेत. साडेतीन मीटर."

हे सगळं त्यांनी मला जेवताना सांगितलं. म्हणाले, "दूध उतू गेल्यावर पातेल्यात उरलेलं मोजून, किती गेलं ते कसं कळणार?" आणि पोळी तशीच हातात धरून बसले. तरीही मी मगाचं सांगितलं नाही. बाबा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षं अखंड नोंदी ठेवल्याचा कचेरीचा दाखला त्यांनी चौकटीत घालून, पलंगावरून दिसेल असा टांगला होता. त्या म्हाताऱ्याकडे तेवढंच होतं.

रविवारी सकाळी आम्ही बाबांकडे गेलो. मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे ते. ह्यांच्या पिशवीत मोजपात्र होतं. ह्यांनी किती जपून विचारलं म्हणून सांगू. "बाबा, त्या दिवशी बाहेरच्या डब्यात पाणी होतं का, आठवतंय का काही?"

बाबांचा चेहरा बदलला. "म्हणजे मी अर्धवट मोजलं, असं म्हणायचंय तुम्हाला? एकतीस वर्षांत माझी एक सकाळ चुकली असेल तर दाखवा. जावई आहात म्हणून ऐकून घेतो."

ह्यांनी मोजपात्र परत पिशवीत घालायला घेतलं. ते बघून माझा संताप झाला. ह्यांचा नाही, बाबांचा नाही, माझाच. चोवीस वर्षं मी एका मगावर बसून राहिले होते, आणि उद्या त्या शाळेतली पोरं साडेतीन मीटरच्या आड बसणार होती.

"बाबा, ते माप मी घेतलं," मी म्हटलं. "तुम्हाला ताप होता. डब्यात पाणी होतं. मी ते उपसून आईच्या गुलाबांना घातलं."

बाबा माझ्याकडे असे बघत होते, की मला परत अकरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. आणि ह्यांनी काय करावं? आश्चर्य नाही, राग नाही. खिशातून निळी पेन्सिल काढली आणि विचारलं, "किती मग?"

मी डोळे मिटले. ओसरी आठवली, कुंड्यांची रांग आठवली. एकेका कुंडीला एकेक मग घातला होता, एवढं पक्कं. पण आईच्या चार कुंड्यांपैकी एक त्या वर्षात फुटली होती. पावसाच्या आधी फुटली की नंतर?

"तीन," मी म्हटलं. "तीन ते चार."

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. ह्यांच्या मिशीत हसू फुटलं, ते त्यांनी हाताने झाकलं. आजवर त्या एका 'ते'ची मी किती टर उडवली होती, आणि आता दुसरं काही खरं बोलताच येत नव्हतं.

"चौथी कुंडी माझ्या हातून फुटली," बाबा हळूच म्हणाले. "पण कधी ते..." त्यांना आठवेना. एकतीस वर्षांचा पाऊस त्यांनी रोजच्या रोज लिहून ठेवला होता, पण कुंडी कधी फुटली ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

तो पत्र्याचा मग अजून न्हाणीघरात होता. आमच्या घरात वस्तू टाकायची पद्धत नाही. ह्यांनी तो भरला, मोजपात्राने मोजला. एक मग म्हणजे पस्तीस मिलिमीटर पाऊस. तीन मग धरले तर तीनशेनऊ, चार धरले तर तीनशेचव्वेचाळीस. ह्यांनी कागदावर लिहिलं, तीनशे ते साडेतीनशे. मी विचारलं, "हे आणखी का वाढवलंत?" तर म्हणाले, "प्रत्येक मग काठोकाठ भरलेला होता कशावरून?"

बाबा उठले. कपाटातून त्यांनी आपली स्वतःकडची नोंदवही काढली, ते पान उघडलं आणि शाईच्या पेनाने दोनशेचारच्या पुढे लिहिलं, "किंवा अधिक. माप मुलीने घेतले, वय अकरा. मी तापाने अंथरुणात." खाली सही केली, त्या दिवसाची तारीख घातली. मग ती वही माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते भिंतीवरचा दाखला खिळ्यावरून काढत होते. मी आयुष्यात तशी कधी रडले नाही, जशी त्या गल्लीत चालता चालता रडले.

घरी येऊन मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. साठ ते सत्तर टक्के. बशी वाजली होती ना."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि एकदा नाही म्हटल्यावर तुला पुन्हा कधी हो म्हणता आलं नसतं."

मला वाटायचं, हा माणूस फक्त पावसालाच मागेपुढे जागा ठेवतो.

सोमवारी साहेबांनी बाबांची वही वाचली. एवढ्या पावसात झाडांना पाणी कोण घालतं, म्हणून पोट धरून हसले म्हणे. मग ते पान पुन्हा वाचलं. ह्यांनी नव्या तीन रेषा पुढे ठेवल्या, सव्वाचार ते पाच मीटर. साहेबांनी विचारलं, "कुंडी कधी फुटली ते माहीत नाही ना?" हे म्हणाले, "नाही." साहेब म्हणाले, "मग चार धरा." भिंत पाच मीटरची झाली.

पुढच्या रविवारी हे एकटेच बाबांकडे गेले आणि तो दाखला परत खिळ्यावर लावून आले. बाबा नको म्हणत होते. ह्यांनी त्यांना सांगितलं, "एकतीस वर्षांत एक सकाळ. इतका कमी चुकणारा माणूस मी आमच्या वह्यांत दुसरा पाहिला नाही." हे मला बाबांनीच सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. नंतर सात वर्षं जगले. एकही सकाळ चुकली नाही, हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

भिंतीला लोकांनी खूप नावं ठेवली. नदी दिसत नाही, वारा अडतो, कुणा शहाण्याने एवढी बांधली. तसा पाऊस काही पुन्हा पडला नाही. पाणी कधी निम्म्याच्या वर आलं नाही. मी संध्याकाळी तिथे फिरायला जायचे, बाकावर बसलेले लोक तेच बोलत असायचे, आणि मीही मनात म्हणायचे, खरंच जास्त झाली की काय? तीनच असतील मग. उगीच माझ्या एका मगापायी सगळ्यांची नदी गेली. ह्यांना तसं म्हटलं तर म्हणायचे, "असेलही." एवढंच. स्वतःच्या बाजूनेसुद्धा ठाम बोलतील तर शपथ.

शेवटच्या आजारात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सहा महिने. ह्यांनी ते ऐकलं आणि खाटेवरून विचारलं, "किती ते किती?" डॉक्टर गांगरले, म्हणाले, तीन ते नऊ. हे चौदा महिने जगले. दहावा महिना लागला तेव्हा मला म्हणाले, "डॉक्टरांचा पट्टा अरुंद होता बघ." मी हसले आणि चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले.

मागच्या आठवड्यात बाबांच्या त्या दाखल्याच्या चौकटीत कसर शिरलेली दिसली. इतकी वर्षं तो माझ्याच खोलीत टांगलेला आहे. मी चौकट उघडली. दाखल्याच्या पाठीमागे, काच घट्ट बसावी म्हणून, बाबांनी एक जुना फोटो घातला होता. पंपाच्या खोलीचं छप्पर पावसात पडलं होतं, त्याचा खात्याने काढलेला. एका कडेला गळ्याला मफलर गुंडाळून बाबा उभे आहेत, गाल आत गेलेले. त्यांच्या शेजारी दोन वेण्यांतली मी. मागे ओसरी. पाठीवर बाबांच्या अक्षरात तारीख, त्या सकाळनंतरचा पाचवा दिवस. म्हणजे लिहून ठेवलं होतं त्यांनी, आणि विसरले. त्या रविवारी आम्ही तिघं ज्या भिंतीखाली बसून आठवत होतो, त्याच भिंतीवर तो टांगलेला होता.

मी चष्मा पुसला आणि ओसरीतल्या कुंड्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. चार.

खोलीत कुणी नव्हतं. मी फोटो हातात धरून ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "अहो, चारच होत्या. तीन ते चार नाही. चार." कितीतरी दिवसांनी मला असं पक्कं काहीतरी सांगता आलं होतं. आणि ते असते तर काय म्हणाले असते, तेही मला पक्कं ठाऊक होतं. चष्मा वर करून त्यांनी फोटो बघितला असता, खूश झाले असते, आणि मग विचारलं असतं, "पण चौथा मग पूर्ण भरलेला होता का गं?"

मी खूप आठवून पाहिलं. नाही आठवत.